फुकट कार्यक्रमाची किंमत

(टिटवाळा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींना टिटवाळ्यात रॅपचा कार्यक्रम करायचा आहे. नवे कलाकार, उघडं मैदान, प्रवेश फुकट. आपल्या गटांनी त्यांच्यासोबत उभं राहावं का, हे आज ठरवायचं आहे. काही जणींना वाटतं, हा धांगडधिंगा आपला नाही. मला वाटतं, उभं राहावं. पण ‘फुकट’ या शब्दाचा हिशेब आधी मांडावा.

रॅप म्हणजे ठेक्यावर, यमक जुळवत, आपलं म्हणणं आपल्या शब्दांत सांगणं. ज्या हिप-हॉपमधून रॅप आलं, त्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली मानतात. ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल या मुलीनं आपल्या इमारतीतल्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळा उघडण्याआधी नव्या कपड्यांसाठी तिला पैसे हवे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता. पुढे ‘कूल हर्क’ म्हणून तो जगभर गाजला. सिंडी मात्र मागे राहिली. तिनं तिकीट लावलं होतं, मुलग्यांना ५० सेंट आणि मुलींना २५. म्हणजे कोणाला किती परवडेल, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होताच.

आपल्यालाही हे परकं वाटायला नको. जात्यावर बसून बाया ओव्या रचत होत्या, त्यात सासर होतं, माहेर होतं, डॉ. बाबासाहेबही होते. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांच्या पुढाकारानं अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या. पण त्या ओव्या पहाटेच्या अंधारात, घरात गायल्या गेल्या. मैदान होतं ते शाहिरांचं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगारांपुढे गाणी नेली. ओवीला मैदान मिळावं, एवढंच मी मागते आहे.

मुली तयार आहेत. ‘डी एमसी’ या नावानं रॅप करणारी दीपा उन्नीकृष्णन आपल्या शेजारच्या कल्याणची. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे ‘माही जी’ नावानं मराठीत आदिवासींच्या जगण्यावर रॅप करते. मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड वुमेन’ हा फक्त बायकांचा गट आहे.

मग अडतं कुठे? माझ्याकडे समुपदेशनाला येणारी एक मुलगी वहीत लिहिते. बापाच्या दारूवर तिनं लिहिलेलं ऐकून मी विचारलं, “मैदानात म्हणशील?” ती म्हणाली, “म्हणेन ताई, पण नंतर घरी कशी जाऊ?”

या प्रश्नात रस्ताही आहे आणि घरही. कार्यक्रम रात्री दहाला संपला, तर मुलगा मित्रांबरोबर हसत-खेळत घरी जातो. मुलीला परवानगी लागते, सोबत लागते, उशीर झाला तर बोलणी खावी लागतात. शहाड, आंबिवलीहून येणारीला रात्रीची लोकल आणि रिकामा होत जाणारा बायकांचा डबा. तिच्या आईला संध्याकाळचा स्वयंपाक सुटत नाही. तिकीट शून्य रुपये असलं, तरी ही किंमत तिला भरावीच लागते.

म्हणून आपण साथ देताना काही गोष्टी ठरवून मागू या. कार्यक्रम रविवारी दुपारी चारला सुरू व्हावा आणि उजेडात संपावा. माइकचा निम्मा वेळ मुलींना मिळावा, तोही गर्दी असताना. प्रवेश फुकट असला तरी कलाकाराला फुकट राबवू नये; निदान येण्याजाण्याचा खर्च द्यावा, त्यासाठी आपण झोळी फिरवू. आईबहिणीवरच्या शिव्या चालणार नाहीत. मात्र मुलीच्या रागावर सेन्सॉर नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मोबाईल. आज मैदानात म्हटलेलं रात्री नातेवाइकांच्या फोनवर पोचतं. ज्या मुलीला नको, तिचं चित्रण होऊ नये. कोणाकडूनही घरचं दुःख ओढून काढू नये. जिनं बोलायचं ठरवलं, तिच्या घरी त्या रात्री आणि पुढच्या आठवड्यातही गटातल्या दोघींनी जावं. हे काम आपल्याला येतं. मारहाणीच्या केसमध्ये आपण तेच करतो.

मुलं म्हणतील, एवढ्या अटी कशाला? त्यांना शांतपणे सांगू या, की या अटी नसतील तर तुमच्या मैदानात फक्त मुलगेच दिसतील, आणि तुम्ही म्हणाल, मुलींना आवडच नाही.

आता कोणत्या गटानं कोणतं काम घ्यायचं, ते बोलू या. सोबतीला जाणाऱ्यांची यादी आधी करू.