लुटुपुटूचे संकट

बेळगाव–लोंढा लोहमार्गावर गुंजी हे एक लहानसे स्थानक आहे. फौजेत जाऊ इच्छिणारा तरुण येथून बेळगावची गाडी धरतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तेथे आहे. परंतु उलट दिशेने लोंढ्यास जाऊन, पुढे दूधसागराचा घाट उतरून वास्कोला गेल्यास लष्करी कर्तृत्वाचे एक निराळेच क्षेत्र दृष्टीस पडते. १९५७ साली पोर्तुगीज अमदानीत निघालेला तेथील जहाजबांधणीचा कारखाना पुढे गोवा शिपयार्ड झाला. त्याने आरमारासाठी गस्ती नौका बांधल्या, त्याचप्रमाणे कधीही समुद्रात न जाणारी नौकाही बांधली. ती लोणावळ्यास, नौदलाच्या शिवाजी या शिक्षणसंस्थेत आहे. डोंगरावर बुडती नौका, हे ऐकून हसू यावे! पण आत शिरलेल्या खलाशास हसू येत नाही. पायांखालची जमीन डोलू लागते, भिंतीस पडलेल्या भोकांतून पाणी वेगाने आत घुसते, आणि त्यातच लाकडी पाचरी ठोकून व टेकू देऊन ती भोके बुजवावी लागतात.

अशा यंत्रास सिम्युलेटर म्हणतात. त्याचा एक आद्य निर्माता एडविन लिंक हा काही सेनापती नव्हता. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. चर्चमधून भक्तिगीतांना साथ देणाऱ्या या वाद्याचा प्राण म्हणजे भाता. हाच भाता लिंकने लाकडी विमानाखाली बसविला आणि १९२९ साली जमिनीवरच वळणारे, झुकणारे विमान तयार केले. लष्कराने प्रथम त्याकडे पाहिलेदेखील नाही. जत्रेतील पाळण्याप्रमाणे करमणुकीचे साधन म्हणूनच त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३४ साली टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर आले. धुक्यात आणि अंधारात केवळ उपकरणे पाहून उड्डाण करण्याचा सराव त्यांना नव्हता, आणि थोड्याच आठवड्यांत अनेकांचा बळी गेला. तेव्हा कोठे लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक त्यांवर शिकले.

या यंत्रात मेलेला माणूस उठून जेवावयास घरी जातो. हाच त्याचा गुण, आणि धोकाही हाच. यंत्राने शिकविलेली एखादी चुकीची सवय शेकडो हातांत भिनते, आणि तिची किंमत पुढे खऱ्या पाण्यात मोजावी लागते. म्हणून खोटे संकट रचणाऱ्याची जबाबदारी खऱ्या लढाईतील सेनानीपेक्षा तसूभरही हलकी नाही. गणित आणि यंत्रविद्या त्यास हवीच. परंतु आपल्या यंत्राबाहेर खरा मृत्यू उभा आहे, याचा त्यास क्षणभरही विसर पडता कामा नये.

लिंकला तो फार जवळून दिसला. उतारवयात तो समुद्रसंशोधनाकडे वळला. त्याच्या संकल्पनेतून झालेली छोटी पाणबुडी १७ जून १९७३ रोजी फ्लोरिडाजवळ एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. आत चौघे होते. दीर्घ प्रयत्नांनंतर ती वर आली, तेव्हा दोघे वाचले. मृतांपैकी एक लिंकचा मुलगा क्लेटन होता. त्यानंतर लिंक पुन्हा कामास लागला, आणि समुद्रतळाशी अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसावाचून पोहोचणारे, तिची सुटका करणारे यंत्र त्याने तयार केले.