एका संगणकात दोन बिऱ्हाडे



संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जी पट्टी, जी चित्रे आणि खिडक्यांसारखे जे चौकोन दिसतात, त्या साऱ्या मांडणीस डेस्कटॉप म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ही मांडणी यंत्रणेच्या गाभ्याहून निराळी असते. ती बदलता येते. एकीच्या शेजारी दुसरीही ठेवता येते. परंतु एकाच मांडणीची जुनी व नवी आवृत्ती शेजारी शेजारी नांदवू म्हटले, की कठीण प्रसंग उभा राहतो. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असे आपणांस वाटेल; तो संबंध पुढे ओघाने येईल.

ग्नोम या डेस्कटॉपची दुसरी आवृत्ती २००२ साली निघाली आणि तिसरी ६ एप्रिल २०११ रोजी. तिसरी प्रसिद्ध होण्याच्या तोंडावर, २ व ३ एप्रिलला, ग्नोमचे आशियाई संमेलन याच बंगळूर शहरात, दयानंद सागर शिक्षणसंस्थेत भरले होते. (२ एप्रिलच्या रात्री भारताने मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशी संगणकाविषयी ऐकावयास कोणी बसले, याचेच मला नवल वाटते.) नव्या आवृत्तीने खालची पट्टी काढली, वरच्या याद्या काढल्या आणि नऊ वर्षांच्या सवयीवर पाणी पडले. साहजिकच अनेकांनी विचारले, नवी येऊ द्या, पण जुनीही राहील ना?

राहू शकत नव्हती. आणि याचे कारण नावांत होते. ज्या जीटीके नामक पायावर ग्नोम उभा आहे, त्याच्या कर्त्यांनी दूरदृष्टी दाखविली होती. दुसऱ्या व तिसऱ्या जीटीकेच्या फायलींची नावेच वेगळी ठेवल्याने दोन्ही एकत्र सुखाने राहत. पुढे २०२० साली चौथी आली, तेव्हाही हाच रिवाज पाळला गेला. वरच्या मजल्यावर मात्र ही काळजी घेतलेली नव्हती. फायली दाखविणारा नॉटिलस दोन्ही आवृत्त्यांत नॉटिलसच राहिला. एकाच जागी एकाच नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत. म्हणून नवे बिऱ्हाड आले की जुन्याचे सामान बाहेर.

आता माझ्या व्यवसायाचे दुखणे सांगतो. पडद्यावर दिसणारे मराठी शब्द प्रत्येक कार्यक्रमाच्या नावाच्या एका कोशात साठविलेले असतात. मूळ इंग्रजी वाक्य हीच त्या कोशातील शोधाची किल्ली. जुन्या नॉटिलसच्या हाती नव्याचा कोश पडला, तर जी वाक्ये बदलली नाहीत ती मराठीत उमटतील, बदललेली इंग्रजीत. एकाच यादीत अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी! जीटीकेचे कोशही म्हणूनच निरनिराळ्या नावांचे आहेत.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या बाबतीत २००८ साली ओपनसुसे या वितरणाने निराळी वाट धरली होती. तिसरी आवृत्ती स्वतंत्र कप्प्यात, चौथी मुख्य कप्प्यात, आणि वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींच्या नोंदीही दोन ठिकाणी. नावे तीच, घरे वेगळी.

ग्नोमच्या बाबतीत २०११ साली अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने नावेच बदलली. जुन्या डेस्कटॉपचे त्याने 'माते' असे नामकरण केले. दक्षिण अमेरिकेत ज्याच्या पानांचा चहा करतात, त्या झाडाचे हे नाव. नॉटिलस झाला 'काहा', म्हणजे पेटी. लेखनाचा कार्यक्रम 'प्लूमा', म्हणजे लेखणी. खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा 'मार्को', म्हणजे चौकटच. भाषांतरकार म्हणून मला ही नावे फार समर्पक वाटतात. हे काम कंटाळवाणे असते. एक नाव चुकून जुने राहिले तरी टक्कर होते. परंतु ते झाल्यावर दोघांचे भांडण मिटले. प्रवेशाच्या पडद्यावरील यादीतून आज ग्नोम, उद्या माते निवडावा. आपली कागदपत्रे दोन्हीकडे तीच दिसतात. नॉटिलससाठी केलेली मराठी वाक्येही काहाच्या कोशात गेली आणि आजही तेथे आहेत.