गाडी विजेची, तपासणी आपली

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर काशीतील विद्वान मंडळी बोलत आली आहेत. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. माझी विद्या पिटलाइनवरची. त्यामुळे समितीने ‘विजेच्या गाडीवर बोला’ असे सांगितले तेव्हा मी विषय जरा आवळून घेतला. गाडी घ्यावी की नाही, कोणती घ्यावी, पेट्रोलचे किती पैसे वाचतात, हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. घेतलेली गाडी वर्षातून एकदा कशी तपासायची आणि फिटनेसला नेण्याआधी तिची काय तयारी करायची, एवढेच मी बोलणार आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. यात्रेकरूंसाठी टॅक्सी चालवणाऱ्या आपल्या तरुणांना हे पाठ आहे. टॅक्सी नवी असताना फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. घरच्या गाडीचे मात्र वेगळे आहे. तिची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची असते. पेट्रोलच्या गाडीला निदान प्रदूषणाच्या प्रमाणपत्रासाठी तरी कुठे उभे राहावे लागते. विजेच्या गाडीला धूरच नाही, म्हणून तेही नाही. म्हणजे आज घेतलेली विजेची घरगुती गाडी पंधरा वर्षे सरकारच्या कुठल्याही तपासनिसासमोर न जाता कायद्याने फिरू शकते.

त्यात आणखी एक गोष्ट मिळवा. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन ऑइल बदलावे लागते. त्या निमित्ताने गाडी वर उचलली जाते आणि ऑइल काढता काढता मेकॅनिकची नजर ब्रेकवर, टायरच्या आतल्या कडेवर, फाटलेल्या रबरी बुशवर पडते. विजेच्या गाडीला ऑइल बदलायचे नाही, प्लग नाही, क्लच नाही. ‘हिला काही करावेच लागत नाही’ असे कौतुकाने म्हणतात आणि ते बरेचसे खरेही आहे. पण काही करावे लागत नाही म्हणून कोणी खाली वाकून बघतही नाही.

रेल्वेत डबा तक्रार आल्यावर पिटलाइनवर घेत नाहीत. ठरलेली फेरी झाली की तो येतोच, तक्रार असो वा नसो. आमच्या बनारस स्टेशनवरून, म्हणजे तुमच्या-माझ्या तोंडातल्या मंडुवाडीहवरून, गाडी सुटण्यापूर्वी ब्रेक पॉवर सर्टिफिकेट लागते. पिटलाइनवरून निघालेल्या प्रवासी गाडीचे सगळे ब्रेक, शंभर टक्के, चालू असले पाहिजेत. त्या कागदाशिवाय गाडी हलत नाही, मग फलाटावर कोणीही कितीही आरडाओरडा करो.

म्हणून ब्रेकपासूनच सुरुवात करतो. विजेच्या गाडीत सर्वांत आधी बिघडतो तो ब्रेक, आणि तो न वापरल्यामुळे बिघडतो. पाय उचलला की मोटर उलट जनरेटरसारखी चालते, गाडीचा वेग खातो आणि वीज बॅटरीत परत जाते. आमच्या थ्री-फेज विद्युत इंजिनांतही, डब्ल्यूएपी-७ मध्ये, हेच होते. त्यामुळे चाकावरच्या ब्रेकला काम उरत नाही. लंका ते गोदौलिया असे रोज रांगत जाणाऱ्या गाडीत पॅड डिस्कला जेमतेम शिवतो. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर हवा ओली असते. डिस्कवर गंज चढतो, घासला न गेल्याने साचत राहतो, कॅलिपरच्या पिना जाम होतात. मागे ड्रम असतील तर आत धूळ आणि ओल यांचा लगदा होतो.

चालवताना हे कळत नाही, कारण नव्वद टक्के काम मोटरच करते. कळते ते तपासणी केंद्रात रोलरवर. तिथे प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात, आणि डावे चाक धरते, उजवे धरत नाही, असा फरक लगेच दिसतो. किंवा मग ते कळते ज्या दिवशी एकदम ब्रेक दाबावा लागतो त्या दिवशी. ओळखीच्या एका घरची तीन वर्षांची गाडी मी पाहिली. बाहेरून चकचकीत, मालकाची एकही तक्रार नाही. मागच्या डिस्कची आतली बाजू मात्र तव्यासारखी खडबडीत झाली होती, आणि बाहेरून चाकाच्या फटीतून दिसते ती बाजू ठीक होती.

तयारी अशी करा. तपासणीच्या आठवडाभर आधी चारही चाके काढून डिस्क दोन्ही बाजूंनी पाहून घ्या, पिना साफ करून योग्य ते ग्रीस लावून घ्या, ड्रम उघडायला लावा. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते, ते दोन वर्षांनी बदला. ‘ऑइलच नाही’ म्हणणारे हे ऑइल विसरतात. मग एका पहाटे रिंग रोडवर, मागे कोणी नाही हे पाहून, वेग ताशी पन्नासवरून दहापर्यंत आणणारे सात-आठ दमदार ब्रेक मारा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. गाडीत सोय असेल तर ऊर्जा परत घेण्याची पातळी सर्वांत कमी ठेवा. नसेल तर बॅटरी पूर्ण भरून निघा. भरलेली बॅटरी वीज परत घेऊ शकत नाही आणि खरा ब्रेक कामाला लागतो. हे महिन्यातून एकदा केले तर गंज साचणारच नाही.

हे काही काशीच्या हवेचेच खूळ नाही. जर्मनीत टीयूव्ही या संस्था गाड्या तपासतात. त्यांच्या २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षे वयाच्या गाड्यांमध्ये टेस्ला मॉडेल ३ तळाला होती, १४.७ टक्के गाड्यांत लक्षणीय दोष निघाले. आणि दोष कुठले, तर ब्रेक, दिवे, चाकाजवळचे सांधे. जुन्याच गोष्टी! नव्या तंत्राची भीती बाळगणाऱ्यांनी आणि नव्या तंत्रावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनी, दोघांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

टायरबद्दल थोडक्यात. बॅटरीमुळे गाडी तिच्याच पेट्रोल बहिणीपेक्षा चांगलीच जड असते आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. आतली कडा हात घालून चाचपा, ती आधी जाते.

आता गाडीचे पोट. तिथे बॅटरीची पेटी आहे आणि आपल्या रस्त्यांवर खोदकामाचे उंचवटे आहेत. गाडी वर घेतली की टॉर्चने पेटीच्या तळाला पोचा, चीर, निघालेला बोल्ट पाहा. नारिंगी वेष्टनाच्या केबली दिसतील, त्यांत तीनशे-चारशे व्होल्ट असतात. डोळ्यांनी पाहायच्या, हात लावायचा नाही, आणि चौकातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही लावू द्यायचा नाही. उंदराने कुरतडल्याची खूण असेल तर थेट प्रशिक्षित माणसाकडे. आम्ही डब्यांच्या आणि इंजिनांच्या तारांचे इन्सुलेशन मेगरने मोजतो. ही गाडी ते स्वतःच मोजत असते आणि गडबड वाटली तर पडद्यावर इशारा देते. फिटनेसच्या आदल्या दिवशी तो इशारा स्कॅनरने पुसून देणारे भेटतील. कारण तसेच राहिले तर तो परत येईल, बहुधा यात्रेकरू बसलेले असताना.

गंमत अशी की एवढ्या मोठ्या बॅटरीची गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या लहान बॅटरीमुळे. तिच्याशिवाय मोठ्या बॅटरीचे स्विच जोडलेच जात नाहीत. तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या, नाहीतर केंद्राच्या रांगेत गाडी ढकलत न्यावी लागेल. चार्जिंगच्या सॉकेटमध्ये काळवंडलेली पिन आहे का तेही पाहा. ब्रह्माघाट-दुर्गाघाटकडच्या जुन्या वाड्यांत अर्थिंगचा भरवसा नसतो. तिथे एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावण्याचा मोह आवरा.

टॅक्सीवाल्यांसाठी बाकी गोष्टी भराभर सांगतो: हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे स्वच्छ, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट, विम्याचा कागद. विजेच्या गाड्यांना २०१८ पासून परमिटची सूट आहे. ती सूट फिटनेसची नव्हे, या दोहोंत गल्लत करू नये. फिटनेस संपलेली व्यावसायिक गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेल्या गाडीसारखीच. २०२१ च्या नियमांप्रमाणे स्वयंचलित तपासणी केंद्राला दुरुस्तीचे काम करता येत नाही. मला हे फार पटते. दुरुस्त करणारा हात आणि पास करणारा हात वेगळा हवा.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथेच देतो.

एका ताईंनी विचारले, ई-रिक्षाचे काय? तिचे नियम २०१४ चे आहेत: चार प्रवासी, चाळीस किलो सामान, वेग ताशी पंचवीस. चारांसाठी बांधलेल्या रिक्षात सहा जण बसले की ब्रेक, चेसिस आणि झुकणे यांचे सगळे हिशेब चुकतात. महाराष्ट्रातून आपले नातेवाईक येतात, दर्शनाची घाई असते. दोन रिक्षा कराव्यात.

दुसरा प्रश्न नगव्याच्या एका गृहस्थांचा, पुराचा. गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, आणि १९७८ साली पाणी ७३.९० पर्यंत गेले होते. बॅटरीच्या पेटीवर ‘आयपी ६७’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुराच्या गाळात रात्रभर उभे राहणे ही त्यात धरलेली गोष्ट नाही. तशी राहिली असेल तर ती सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका, घराच्या भिंतीपासून लांब ठेवा. दोरी बांधून ओढत न नेता चारही चाके वर घेणाऱ्या गाडीवरूनच हलवा. बुडाली नसली तरी पाणी उतरल्यावर, नवरात्राच्या आत, एकदा लिफ्टवर घ्या. वार्षिक तपासणीला आपल्याकडे याहून चांगला मुहूर्त नाही, कारण गंज तेव्हा ताजा असतो आणि निघतो.