धर्मचिन्हे, विमानप्रवास आणि संशय
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांचा परिचय आणि शिष्यवृत्तीनिधी हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय. ते सोडून आम्ही आज विमानप्रवासाविषयी बोलावयास उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांची मुले-मुली परदेशी स्थायिक झाली आहेत, अशी कुटुंबे या सभागृहात आता थोडीथोडकी नाहीत. ज्यांच्या वाडवडिलांनी पंढरीच्या वाटेपलीकडे प्रवास केला नाही, त्या घरांतील वृद्ध माणसे आज नातवंडांच्या ओढीने समुद्रापार जातात. जाताना गळ्यातील तुळशीची माळ आणि कपाळीचा बुक्का घरी ठेवून जात नाहीत, आणि ठेवूही नयेत. म्हणूनच हा विषय आपला आहे.

आरंभी आमचाच अनुभव सांगतो. सन २०१८ मध्ये कन्येच्या बाळंतपणानिमित्त आम्ही उभयता अमेरिकेस निघालो. आमच्या सौभाग्यवतींनी चंद्रभागेच्या पाण्याची लोटी हातातील पिशवीत घेतली होती. मुंबईसच ती काढून घेण्यात आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ‘धर्म बुडाला’ अशा शब्दांपर्यंत आमचीही मजल गेली. पुढे विचार केला तेव्हा कळले, की येथे धर्माचा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट उघडकीस आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेण्यास बहुतेक ठिकाणी बंदी आली. तीर्थ असो, अत्तर असो वा फळांचा रस, नियम एकच. जो नियम सर्वांस सारखा लागू होतो, त्याने कोणाचा अपमान होत नाही.

दुसरा प्रसंग निराळा. वाटेत विमान बदलावयाचे होते. तेथे आमच्या धोतराकडे, टोपीकडे आणि माळेकडे पाहून आम्हांस रांगेतून बाजूस घेण्यात आले. बुक्क्याची पुडी उघडली गेली. ती काळी पूड पाहून दोन अधिकारी आपसांत कुजबुजले. आम्ही अनवाणी, हात पसरून उभे होतो, आणि रांगेतील माणसे आमच्याकडे पाहत होती. अनोळखी पूड तपासणे हे त्यांचे कर्तव्यच होते. पण पुडी हाती येण्यापूर्वीच वेषावरून आम्हांस निवडण्यात आले होते, आणि ते शल्य आजही मनात आहे.

परंतु, बंधुभगिनींनो, आमची खरी कथा याच्या पुढे आहे, आणि ती आमच्या दोषाची आहे. पुढच्या विमानात आमच्या ओळीत दाढी राखलेले, डोक्यास गोल टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते हाती जपमाळ घेऊन ओठ हलवीत होते. दोनदा उठून मागे गेले, आणि जागा बदलून मिळेल काय असे त्यांनी दोघा-तिघांस विचारले. आमच्या मनात भय शिरले. ज्यास तासाभरापूर्वी वेषावरून रांगेबाहेर काढले होते, त्याच मनुष्याने हवाईसुंदरीस हळूच बोलावून सांगितले, “या गृहस्थांवर लक्ष ठेवा.” त्यांची चौकशी झाली, पिशवी उघडली गेली. तीत औषधे होती, आणि एका रुग्ण स्त्रीस लागणारे कपडे होते. त्यांच्या पत्नीस चार रांगा मागे जागा मिळाली होती, आणि तिला एकटीला उठता येत नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. निमूटपणे पिशवी आवरली. तेव्हा आमची दृष्टी त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर गेली. तेथे फार नेटके रफू केलेले होते. आम्ही शिंप्याच्या घरात वाढलो. असे रफू प्रेमाने केल्यावाचून होत नाही, हे आम्हांस कळते. उरलेल्या प्रवासात आम्ही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही, आणि क्षमा मागण्याचे धैर्यही झाले नाही. ते आज या व्यासपीठावरून प्रायश्चित्तादाखल सांगत आहोत.

असे प्रसंग जगात अनेक घडले आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये आम्सटरडॅमहून मुंबईस निघालेले एक विमान मार्गावरून परत फिरविण्यात आले. लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात ते उतरले आणि १२ भारतीय प्रवाशांस अटक झाली. त्यांचे भ्रमणध्वनी हाताळणे व जागा बदलणे संशयास्पद वाटले होते. त्यांच्याविरुद्ध काहीही निष्पन्न न होता दुसऱ्याच दिवशी ते सुटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मिनिआपोलिस येथे सहा इमामांस विमानातून उतरविण्यात आले. त्यांनी विमानतळावर नमाज पढला होता, आणि एका सहप्रवाशाने कर्मचाऱ्याकडे चिठ्ठी दिली होती. त्यांस बेड्या पडल्या व पुढे सोडून देण्यात आले. त्यांनी दावा लावला, आणि २००९ साली तो तडजोडीने मिटला. ती चिठ्ठी देणारा मनुष्य दुष्ट होता, असे आम्ही म्हणू शकत नाही. आमच्यासारखाच तो भ्यालेला असावा.

हे केवळ मुसलमानांच्याच वाट्यास येते असेही नाही. जानेवारी २०१० मध्ये एका १७ वर्षांच्या ज्यू मुलाने विमानात प्रातःप्रार्थनेसाठी कपाळास व दंडास आपल्या धर्माप्रमाणे चामड्याच्या लहान डब्या बांधल्या. त्या डब्यांत धर्मग्रंथातील वचने लिहिलेली असतात. कर्मचाऱ्यांस त्या स्फोटक वाटल्या, आणि न्यूयॉर्कहून लुइव्हिलास चाललेले ते विमान फिलाडेल्फियास उतरविण्यात आले.

शीख बंधूंची कथा तर आपल्या ज्ञातीस अधिक जवळची. आपल्या नामदेवरायांची ६१ पदे त्यांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे महाराजांचे स्थान आहे, आणि गुरु गोविंदसिंगांचे अंतिम स्थान आपल्या नांदेडास आहे. या समाजातील बलबीरसिंग सोढी यांस ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अमेरिकेतील मेसा या गावी, त्यांच्याच पेट्रोलपंपापुढे, गोळी घालून ठार करण्यात आले. पगडी आणि दाढी एवढाच त्यांचा अपराध. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर पगडीच्या झडतीविषयी नवा कडक नियम आला. शीख संघटनांनी सनदशीर मार्गाने हरकत घेतली, अधिकाऱ्यांशी चर्चा केली, आणि ऑक्टोबरमध्ये नियम सुधारला. प्रवाशाने स्वतःच्याच हातांनी पगडी चाचपावी व मग त्या हातांची रासायनिक तपासणी व्हावी, असा पर्याय मिळाला. सुरक्षाही राहिली आणि पगडीचा मानही राहिला. संघटना कशासाठी असाव्यात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘मग तपासणीच नको काय?’ असे आम्ही कदापि म्हणणार नाही. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर बॉम्बने फुटले व ३२९ जीव गेले. खलिस्तानवादी अतिरेक्यांचे ते कृत्य होते. परंतु त्या घोर घटनेतील धडा कोणता? ज्या पेटीत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. प्रवासी नसेल तर त्याची पेटीही चढता कामा नये, एवढी दक्षता त्या दिवशी पाळली गेली असती, तर तो अनर्थ टळला असता. त्या विमानात बळी पडलेल्यांतही अनेक शीख होते. म्हणजे पगडीकडे पाहून काहीच कळले नसते. पेटीकडे पाहून कळले असते. वस्तू तपासावी, वर्तन तपासावे. श्रद्धेवरून मनुष्य पारखू नये, हा यातील विवेक होय.

आपल्या देशात या विवेकाची काही उदाहरणे आहेत. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशास कृपाण बाळगता येते; मात्र पाते ६ इंचांहून व एकूण लांबी ९ इंचांहून अधिक नसावी, असे बंधन आहे. नारळ एरवी हातातील सामानात चालत नाही. तथापि २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलैच्या यात्रेकरूंस तपासणीच्या अटीवर तो नेण्याची मुभा २० जानेवारी २०२५ पर्यंत देण्यात आली. श्रद्धा आणि सुरक्षा यांचे हाडवैर नाही. मोजमाप ठरवून दोघींस जागा करून देता येते.

याच देशात याच्या उलट उदाहरणही घडले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. आपल्या सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण गावात चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालावर बोट दाखविले जाते, हे आपणांस विदित आहे. परदेशातील विमानतळावर आपल्या माळेवर संशय घेतला म्हणून ज्यांस दुःख होते, त्यांनी हेही आठवावे.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. बुक्का, अंगारा, तीर्थ व नारळ हातात न घेता मोठ्या सामानात द्यावे, आणि परदेशी न्यावयाचे असल्यास तेथील नियम आधी विचारून घ्यावेत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. अंगझडतीचा संकोच वाटल्यास स्वतंत्र खोलीची विनंती करावी. स्त्रियांनी स्त्री अधिकाऱ्याची मागणी करावी. माळ काढावयास सांगितल्यास शांतपणे तिचे महत्त्व सांगावे व दुसरा उपाय विचारावा. अन्याय झालाच, तर जागेवर भांडण न करता दिनांक, वेळ व ठिकाण लिहून काढून तक्रार करावी. आपल्या मंडळाने अशी तक्रार लिहून देण्यास दोन जाणते सभासद नेमावेत, अशी आमची सूचना आहे.

आणि शेजारच्या प्रवाशाविषयी मनात भय उपजले, तर एक प्रश्न स्वतःस विचारावा: हेच वर्तन आपल्या वेषातील मनुष्याने केले असते, तर आपण तक्रार केली असती काय? उत्तर होकारार्थी असेल, तर अवश्य सांगावे. ते कर्तव्यच होय. नकारार्थी असेल, तर गप्प बसावे. त्या दिवशी आम्ही हा प्रश्न विचारला नाही.

आपला धंदा अंगाचे माप घेण्याचा. आपल्या वडिलांनी एकाच टेपाने सर्व जातिधर्मांच्या माणसांची मापे घेतली, आणि कोणाचे माप त्याच्या देवावरून ठरविले नाही. ती रीत आपण प्रवासातही सोबत न्यावी, एवढीच नामदेवरायांच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो. रामकृष्णहरी.