माऊस कोणाच्या हातात?

(भाट्ये इथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. हायस्कुलात शिकवतो, तेवढंच बोलणार. खाडीपलीकडे रत्नागिरी, अलीकडे हे सुरूचं बन आणि नारळाचं संशोधन केंद्र. त्यामुळे 'संशोधन' हा शब्द इथल्या पोरांच्या कानावरून गेलेला असतो. पण ते नारळावर होतं, सरकारी पाटीच्या आत होतं. आपल्या घरावर, आपल्या आज्यावरही ते करता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पूर्वी मी एका शाळेत होतो. नाव घेत नाही. शाळेत संगणक आले. खोलीला कुलूप, चावी हेडमास्तरांच्या खिशात. आठवड्याला एक तास. एका संगणकापुढे सहा पोरं, आणि माऊस एकाच्याच हातात. ज्याच्या घरी आधीच संगणक होता, त्याच्या. बौद्धवाडीतली पोरं मागं उभी. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट नेत, हे आपण दर चौदा एप्रिलला ऐकतो. मागं उभं राहायला गोणपाटही लागत नाही.

आणि शिकवायचे काय? संगणकाचे भाग किती. पेंटमध्ये घर काढा, झाड काढा. मार्क पडले, पोरं साक्षर झाली! च्यायला, ही कसली साक्षरता?

१९९९ साली दिल्लीत कालकाजीच्या झोपडपट्टीशेजारी सुगत मित्र यांनी भिंतीत एक संगणक बसवला. शिकवायला कुणी नाही. पोरं आपली आपण माऊस चालवायला शिकली. पुढे शेजारच्या सिंधुदुर्गातही असे संगणक लागले. म्हणजे यंत्र हाताळायला मास्तर लागत नाही, आम्ही उगाच पगार खातो. मास्तर लागतो तो प्रश्न द्यायला. आणि दांडगी पोरं पुढं घुसतात, पोरी मागं राहतात, तिथं आडवं उभं राहायला.

म्हणून मी नववीला एकच काम दिलं. आपल्या गावातली जमीन पूर्वी कुणाची होती? नेटवर शोधा.

एकानं 'खोत' टाइप केलं. खोत आडनावाचे पुढारी आले, हार घातलेले. वर्ग हसला. मग 'खोती' टाकलं. मग 'खोती रत्नागिरी कायदा'. तेव्हा कुठं १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा वर आला. एक पोरगी म्हणाली, "सर, कायदा १९४९ चा, पण मागणी कधीची?" हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्हता, खोटं कशाला बोलू. शोधता शोधता बाबासाहेबच सापडले. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती नष्ट करायचं बिल त्यांनी मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्यात आपली कोकणातली कुळं होती.

सरकारनं काढलेल्या त्यांच्या ग्रंथांचा दुसरा खंड नेटवर आहे, इंग्रजीत. पोरं इंग्रजीला घाबरतात. पण एक शब्द ओळखीचा होता: खोत. कंट्रोल आणि एफ दाबून तो शब्द टाकला, की पानापानांतून उठून दिसतो. त्या दिवशी वर्गात आरडाओरडा झाला. शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले.

एका हुशार पोरानं चॅटजीपीटीकडून दोन पानं आणली. स्वच्छ मराठी, पुस्तकी. मोर्चाचं साल चुकलेलं. वर्गानंच पकडलं, कारण वर्गाकडे खंड होता. रत्नागिरीचं १८८० चं गॅझेटियरही काढलं. आपल्या लोकांबद्दल वाचून पोरं चिडली. मी म्हटलं, चिडा, पण आधी लिहून ठेवा, हे कोणी लिहिलं आणि कोणाला विचारून लिहिलं. तुमच्या पणज्याला विचारलं होतं का?

मग सातबारा. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर किंवा नाव घालायचं. एकाचा आजा मालकांच्या रकान्यात नव्हताच. पोरगं हिरमुसलं. मी म्हटलं, तिथंच थांबू नको, 'कुळ, खंड व इतर अधिकार' बघ. तिथं होता म्हातारा, कूळ म्हणून.

बौद्धवाडीतल्या एका पोरीच्या उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' होतं. म्हणजे काय, यावर दोन तास गेले. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, महारकीही गेली. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीनं, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तिनं हे घरी बापाला वाचून दाखवलं. त्याच महिन्यात एक दलाल साध्या स्टॅम्पपेपरावर सही मागत त्यांच्या अंगणात येत होता. किनाऱ्याच्या जमिनीला आता भाव आहे ना! बापानं विचारलं, परवानगी कुठाय? तो दलाल परत आला नाही.

तुम्ही मुंबईहून मे महिन्यात येता, गणपतीला येता. वाडीत रेंज कुठं येते ते तुम्हाला पाठ आहे. समाजमंदिराच्या पायरीवर. पोरांना घेऊन तिथंच बसा. फोन त्यांच्या हातात द्या, आधी पोरीच्या. तुम्ही मागं उभे राहा. जड जातं, मी करून बघितलंय.

येत्या रविवारी १९५८ चा तो कायदा घेऊन बसणार आहोत. कुणाकडे मराठी प्रत असेल तर आणा.