बंद पाकिटं

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याचा धरायचा का? लोकांच्या आजारपणाबाबत हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल स्वतः डॉक्टर नव्हते. व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना त्यांना क्षय जडला. आजारातून उठता उठता त्यांनी टपालाने अर्थशास्त्राची पदवी मिळवली आणि संख्याशास्त्राच्या वाटेने ते वैद्यकात शिरले.

१९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्याच एका औषधाची, स्ट्रेप्टोमायसिनची, चाचणी सुरू झाली. युद्धाने खंगलेल्या देशाकडे ते अमेरिकेतून पुरेसं आणायला डॉलर नव्हते. मग द्यायचं कुणाला? डॉक्टरांवर सोडलं असतं, तर ज्याची जगण्याची आशा जास्त त्याला मिळालं असतं, आणि गुण औषधाचा की निवडीचा, हे कळलंच नसतं. हिल यांनी निवड नशिबावर सोपवली. औषध द्यायचं की नाही, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं. पाकिटावर रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक, एवढंच. रुग्ण घ्यायचा ठरल्यावरच ते फोडायचं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४.

सिगारेटने कर्करोग होतो का, हे पाहायला मात्र अशा चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. म्हणून हिल आणि डॉ. रिचर्ड डॉल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांना त्यांच्या सवयी विचारल्या. निष्कर्ष १९५० साली छापून आले. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ होते. त्याच वयाच्या, दुसऱ्या आजारांच्या ६४९ पुरुषांत २७.

शंका उरतेच. समोरच्याला कर्करोग आहे हे ठाऊक असलं, की विचारणारा जास्त खोदून विचारणार. हिल आणि डॉल यांनी ही शंका तपासली ती रीत मला फार मोलाची वाटते. काही रुग्णांना कर्करोग आहे असं समजून प्रश्न विचारले होते, पण पुढे ते निदान चुकीचं ठरलं. त्यांच्या सवयी कर्करोग्यांसारख्या निघाल्या नाहीत, इतर रुग्णांसारख्या निघाल्या. विचारणाऱ्यांच्या मनातला ग्रह आकड्यांत उतरला असता, तर इथे नक्की दिसला असता.

पुढे १९६५च्या एका व्याख्यानात हिल यांनी कारण ओळखण्याच्या नऊ खुणा मांडल्या, पण त्यांचे नियम करायला ठाम नकार दिला. पुरावा किती हवा, हे त्यांच्या मते पुढच्या पावलावर ठरतं. गरोदर बाईच्या मळमळीवरचं एखादं औषध आवरतं घ्यायला थोडा पुरावाही पुरतो. लोकांना त्यांच्या आवडीची सिगारेट सोडायला लावायची, तर तो फार भक्कम हवा.