भिंत ओळखा, मग फवारा



द्राक्षवेलीवरील भुरी आणि केवडा या दोन्ही रोगांना आपण बुरशीजन्य रोग म्हणतो. शास्त्र मात्र त्यांत भेद करते. त्या भेदाची एक मोठी खूण आहे पेशीभित्तिका, म्हणजेच पेशीभोवतीची भिंत.

वनस्पतींची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, तर बहुतेक जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची असते. खऱ्या बुरशीची भित्तिका कायटिन व ग्लुकन यांनी घडते. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी १८११ साली अळंबीत कायटिन शोधले. कीटकांच्या कवचातही तेच असते.

भुरी ही खरी बुरशी होय. केवड्याच्या रोगजंतूची भित्तिका मात्र प्रामुख्याने ग्लुकन व सेल्युलोजची असते. कुळाने तो तपकिरी शैवालांना जवळचा आहे. म्हणूनच सेल्युलोजची घडण रोखणारे मॅन्डीप्रोपॅमिड केवड्यावर गुणकारी ठरते, भुरीवर नाही.

पानावर राखेसारखा थर दिसल्यास भुरी समजावी. वरच्या बाजूस तेलकट पिवळसर डाग व त्यांच्याखाली पांढरी वाढ दिसल्यास केवडा समजावा. शंका असल्यास फवारणीपूर्वी कृषी अधिकाऱ्यांना पान दाखवावे. चुकीच्या औषधाने पैसा तर जातोच, शिवाय रोगाला पसरण्यास अवधी मिळतो.